सत्तर चिन्हांचे वाचनालय: एका संदेशसेवेचा वर्षभराचा अनुभव

अंबाजोगाईतील आमच्या सार्वजनिक वाचनालयाने गेल्या वर्षी सभासदांना सूचना कळवण्यासाठी एका खासगी कंपनीची सामूहिक लघुसंदेश सेवा घेतली. वाचनालयाचा मानद चिटणीस या नात्याने वर्षभर या संदेशांचा मजकूर मीच लिहिला, त्यामुळे सेवेच्या बऱ्यावाईटाबद्दल चार शब्द सांगण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. पुढे ज्या अडचणी येतील त्यांपैकी निम्म्या तरी मराठी मजकुराला सगळीकडेच सोसाव्या लागतात आणि हीच सेवा दुसऱ्या कोणाकडून घेतली तरी त्या भेटतीलच.

सेवा घेण्याचे कारण साधे होते. व्हॉट्सॲपवर सभासदांचा गट आहे, पण तिथे वाचनालयाची सूचना सकाळच्या फुलांच्या चित्रांखाली तासाभरात गाडली जाते. शिवाय आमच्या ज्येष्ठ सभासदांपैकी पुष्कळांकडे अजून बटणांचा फोन आहे. पूर्वी आम्ही पोस्टकार्डे लिहीत होतो. पन्नास पैशांच्या कार्डावर हवा तेवढा मजकूर बसत असे, मात्र ते लिहिणारा कारकून निवृत्त झाला आणि कार्ड पोचेपर्यंत सभा होऊन गेलेली असे. कंपनीच्या प्रतिनिधीने एका संदेशाचा दर पंचवीस पैशांच्या आत सांगितला तेव्हा कार्यकारिणीने एकमताने हात वर केले. एक संदेश म्हणजे किती मजकूर, हे त्या बैठकीत कोणी विचारले नाही. मीही नाही.

पहिली सूचना वार्षिक सभेची होती. वाचनालयाच्या रीतीप्रमाणे मी लिहिले: ‘सर्व सन्माननीय सभासदांना सप्रेम नमस्कार. वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवारी सकाळी १० वाजता वाचनालयाच्या सभागृहात होईल. कृपया उपस्थित राहावे.’ कंपनीच्या संकेतस्थळाने हा मजकूर १४७ चिन्हांचा ठरवला आणि प्रत्येक सभासदामागे तीन संदेशांचे पैसे लावले. पन्नास पैशांचे कार्ड यापेक्षा स्वस्त पडले असते.

याचे कारण समजून घेण्यात माझे दोन दिवस गेले. लघुसंदेशाची एकूण जागा १४० बाइटांची असते, आणि एक बाइट म्हणजे आठ बिट. रोमन अक्षराला त्यात सात बिट पुरतात, म्हणून इंग्रजी संदेश १६० अक्षरांचा होतो. १९८५ च्या सुमारास फ्रीडहेल्म हिलेब्रांड या जर्मन अभियंत्याने टंकलेखन यंत्रावर मनात येतील ती वाक्ये उमटवून मोजली, पोस्टकार्डांवर माणसे साधारण किती लिहितात तेही पाहिले आणि १६० अक्षरे पुरेशी आहेत असा निष्कर्ष काढला. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला मात्र सोळा बिट लागतात आणि त्याच जागेत ७० चिन्हेच मावतात. मजकूर सत्तरच्या पुढे गेला की त्याचे तुकडे होतात. तुकडे कोणत्या क्रमाने जोडायचे याची नोंद प्रत्येक तुकड्यात ठेवावी लागत असल्याने मग एका तुकड्यात ६७ चिन्हेच उरतात. म्हणजे एकाहत्तरावे चिन्ह लिहिणाऱ्याला दुप्पट पैसे पडतात.

त्यातही चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, अक्षराचा पाय मोडणारी खूण, पूर्णविराम आणि दोन शब्दांमधली मोकळी जागा ही सगळी स्वतंत्रपणे मोजली जातात. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द डोळ्याला चार अक्षरांचा दिसतो, यंत्राला तो ११ चिन्हांचा आहे. त्यामुळे ज्याच्याकडे ज्ञानेश्वरी थकली आहे त्या सभासदाला आठवण देणे साध्या कथांच्या पुस्तकाची आठवण देण्यापेक्षा महाग पडते.

माझा १४७ चिन्हांचा मजकूर मी तसाच पाठवला, कारण सभा जवळ आली होती. बहुतेकांच्या फोनने तिन्ही तुकडे नीट जोडून दाखवले. काही जुन्या फोनांवर ते सुटे आले आणि यंत्राने ६७ वे चिन्ह मोजून सुरी चालवलेली असल्यामुळे पहिला तुकडा ‘सर्वसाध’ येथे संपला, दुसरा ‘ा’ हा निराधार काना पुढे करून ‘रण सभा’ असा सुरू झाला. ‘रण सभा’ वाचून दोन सभासदांनी मला फोन केला. गेल्या वर्षीच्या सभेत हिशेबावरून झालेली खडाजंगी त्यांना आठवली असावी.

मग मी मराठी माणसाच्या पहिल्या उपायाकडे वळलो, म्हणजे शब्दांचे शेपूट तोडून पुढे टिंब देण्याकडे. आपल्याला ही विद्या फोनने शिकवलेली नाही. ‘सा. न. वि. वि.’, ‘ती. स्व.’, ‘शि. सा. न.’, ‘अ. उ. आ.’, ‘ता. क.’ ही पत्रव्यवहारातली रूपे आजोबांच्या कार्डांवर होतीच. जि. प., पं. स., मु. पो. ही तर कार्यालयांची बोलीभाषाच झाली आणि गाव नमुना सात व बारा यांचा ‘सातबारा’ असा शब्द झाला की तो संक्षेप आहे हेच आपण विसरलो. परंतु माझ्या पहिल्या संक्षिप्त संदेशात ‘ता.’ दोनदा आले, एकदा तारखेसाठी आणि एकदा तालुक्यासाठी, ‘स.’ हे सकाळ, सभा आणि सभासद या तिघांत भांडण लावून मोकळे झाले, आणि ‘कृ. यावे’ हे वाचून एका निवृत्त मुख्याध्यापकांनी ‘कृपा अर्धीच का केली?’ असे विचारले.

जुनी कार्डे पुन्हा काढून पाहिली तेव्हा माझी चूक लक्षात आली. त्या पत्रांत तोडलेला असे तो मायना. साष्टांग नमस्कार, अनेक उत्तम आशीर्वाद, लोभ असावा ही सगळी पाठ असलेली वाक्ये एकेका अक्षरावर येत, कारण वाचणाऱ्याला ती आधीच ठाऊक असत. म्हैस व्याली, पाऊस नाही, धाकटीचे स्थळ बुधवारी येते आहे, हा मजकूर मात्र अख्खा लिहिलेला असे. मी उलटे करत होतो: ‘सप्रेम नमस्कार’ अख्खा ठेवून सभेचा वार आणि वेळ तोडत होतो.

सेवेच्या प्रतिनिधीने यावर दुसरा उपाय सुचवला. मराठीच रोमन अक्षरांत लिहा, १६० अक्षरे मिळतील, सगळी तरुण मंडळी तसेच लिहितात, असे त्यांचे म्हणणे. तरुण मंडळी तसे लिहितात हे खरे आहे. आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले मला जे उत्तर पाठवतात त्यात ‘ओके’मधला ‘ओ’सुद्धा उरलेला नसतो, फक्त ‘के’ येतो. ‘काय करतोयस’ हे सबंध वाक्य पाच व्यंजनांत आवरते आणि ‘ग्रेट’ लिहिताना शेवटी आठाचा आकडा टाकून दोन अक्षरे वाचवली जातात. हे वाचणे मला जड जाते, पण नव्वदी ओलांडलेले आमचे एक सभासद ते सहज लावतात. त्यांचे प्राथमिक शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दूतून झाले, गावाचे नाव मोमिनाबाद होते तेव्हा. रोजच्या उर्दू लिखाणात ऱ्हस्व स्वरांच्या खुणा, जेर-जबर, कोणी देत नाही. संदर्भाने शब्द ओळखायचा असतो. नातवाने स्वर गाळले म्हणून मला नवल वाटत नाही, आम्ही तसेच शिकलो, असे ते म्हणाले. गंमत म्हणजे मोमिनाबाद, आंबेजोगाई आणि अंबाजोगाई ही तिन्ही नावे यंत्राच्या हिशेबाने बरोबर नऊ-नऊ चिन्हांची आहेत. नामांतराने आमचा खर्च वाढलेला नाही.

तर एकदा रोमन लिपीचा प्रयोग केला. कार्यकारिणीच्या बैठकीची सूचना होती आणि तिची सुरुवात ‘उद्या बैठक’ अशी होती. ‘उद्या’ हा शब्द रोमनमध्ये यू, डी, वाय, ए या चार अक्षरांनी लिहिला जातो आणि त्याच चार अक्षरांत ‘उड्या’ही बसतात, कारण त्या लिपीत द आणि ड यांचे घर एकच आहे, जसे त आणि ट यांचे, न आणि ण यांचे, ल आणि ळ यांचे. आमचे एक सदस्य शारीरिक शिक्षणाचे निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचा रात्री साडेनऊला फोन आला, ‘सर, या वयात उड्या-बैठका कशाला मारायला लावायलाव?’ विनोद त्यांनी जाणून केला की खरोखर तसे वाचले, हे त्यांनी अजून सांगितलेले नाही. तेव्हापासून वाचनालयाचा संदेश देवनागरीतच जातो. रोमन मजकुरात रुपयाचे चिन्ह घातले तर ते इंग्रजीच्या सात बिटांच्या तक्त्यात नसल्याने सबंध संदेश सत्तरच्या मर्यादेत येतो, हे नंतर कळले. देवनागरी संदेशात मात्र तेच चिन्ह ‘रु.’पेक्षा दोन चिन्हे वाचवते, फक्त जुन्या फोनवर त्याच्या जागी चौकोन दिसतो.

आता सेवेच्या यंत्रणेबद्दल. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार असे संदेश पाठवणाऱ्या संस्थेची नोंदणी व्हावी लागते, पाठवणाऱ्याचे नाव ठरवून घ्यावे लागते आणि प्रत्येक मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. नाव सहा रोमन अक्षरांत बसवायचे असते. ‘सार्वजनिक वाचनालय’ सहा अक्षरांत बसवताना आम्हालाही स्वर गाळावेच लागले आणि जे उरले ते एखाद्या कर्ज देणाऱ्या कंपनीचे नाव वाटते. पहिल्या महिन्यात काही सभासदांनी संदेश न उघडताच पुसले. साच्यात बदलत्या मजकुरासाठी मोकळ्या जागा ठेवता येतात, पण तेव्हा प्रत्येक जागेत जास्तीत जास्त ३० चिन्हे चालत. पुस्तकाचे नाव आणि लेखकाचे नाव एकाच जागेत घालायचा आमचा बेत त्यामुळे बारगळला. साचा मंजूर झाल्यावर एक स्वल्पविराम जरी हलला तरी संदेश अडतो. ही शिस्त फसव्या संदेशांना आळा घालण्यासाठी आहे आणि तिच्याविषयी माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती कंपनीच्या संकेतस्थळाविषयी. तिथे चिन्हे मोजणारा आकडा आहे, पण मजकूर नेमका कुठे तुटणार ते दिसत नाही. वास्तविक ते दाखवणे अवघड नसावे. मराठी लिहिण्यासाठी दिलेल्या चौकटीत रोमन अक्षरे टाइप केली की देवनागरी उमटते, मात्र ‘वर्गणी’ लिहायला गेले की हटकून ‘वर्गनी’ येते. आमच्याकडे निम्मे सभासद ‘वर्गनी’च म्हणतात, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही, वाचनालयाच्या नावाने गेलेला संदेश म्हणून मला ती चूक बोचली. दुसऱ्या जागेवरून मजकूर उचलून चिकटवला तर डोळ्यांना न दिसणारी जोडचिन्हेही सोबत येतात आणि मोजली जातात. आमच्या लिपिकाने एकदा जुन्या, युनिकोडपूर्व टंकात (ज्यात मराठी दिसणाऱ्या अक्षरांमागे रोमन अक्षरेच दडलेली असतात) लिहिलेली सूचना तशीच चिकटवली. पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसला, आणि संकेतस्थळाने तो इंग्रजी समजून १६० ची सवलत आनंदाने दिली. आधी स्वतःच्या फोनवर चाचणी संदेश पाठवण्याची सोय आहे म्हणून अब्रू वाचली. ती सोय खरोखर चांगली आहे आणि ती मोफत आहे.

संदेश पोचण्याबाबत सेवेला पूर्ण गुण द्यावे लागतील. सकाळी पाठवलेली सूचना केज, परळी, धारूरकडच्या सभासदांनाही काही मिनिटांत मिळते. कोणाला पोचली आणि कोणाचा क्रमांक बंद आहे, याची यादी मिळते आणि त्या यादीवरून आम्ही सभासदपट दुरुस्त केला. साहाय्यासाठी फोन केल्यास मराठी किंवा हिंदी बोलणारा माणूस मिळतो, पण मराठी मजकुराच्या मोजणीबद्दल त्याला काही विचारले की तो ‘इंग्लिशमध्ये पाठवा ना सर’ याच्यापुढे जात नाही. संदेशाला उत्तर देता येत नाही, हा या सेवेचा स्वभावच आहे. सभासद उत्तर लिहितात, ते जात नाही, मग मला फोन करतात. त्यामुळे ज्या सूचनेला होकार-नकार हवा असतो ती आम्ही या मार्गाने पाठवत नाही.

वर्षभरात मजकूर लिहिण्याची माझी पद्धत मात्र बदलली, आणि या सेवेने दिलेली सगळ्यात मोठी वस्तू कदाचित हीच. शब्द तोडण्याऐवजी मी शब्द बदलू लागलो. ‘स्मरणपत्र’ हा शब्द नऊ चिन्हांचा आहे आणि ‘आठवण’ चार चिन्हांचा. ‘विलंब शुल्क’ ११ चिन्हे घेतो, ‘दंड’ तीन. ‘उपस्थित राहावे’ला १४ लागतात, ‘यावे’ला चार. जोडाक्षरे जितकी अधिक तितका शब्द महाग, आणि कार्यालयीन मराठीतले बहुतेक भारदस्त शब्द जोडाक्षरांनीच भारदस्त झालेले असतात. तारेच्या काळात शब्दांवर पैसे होते, तेव्हा प्रत्यय फुकट होते. ‘वाचनालयाच्या’ हा तिथे एकच शब्द ठरला असता, इथे तो बारा चिन्हे खातो. म्हणून मी सभागृह गाळले, कारण सभा दुसरीकडे कधी भरलेलीच नाही. ‘सर्वसाधारण’ही गाळले. नोटीस फलकावर आणि इतिवृत्तात ते आहेच, नियमांची पूर्तता तिथे होते. आदर मात्र ठेवला: ‘या’ऐवजी ‘यावे’ लिहिण्याला दोन चिन्हे अधिक पडतात आणि ती द्यायची असे ठरवले.

यंदाच्या वार्षिक सभेची सूचना अशी गेली: ‘नमस्कार. वाचनालयाची वार्षिक सभा रविवारी सकाळी १० वाजता. कृपया यावे.’ यात एकही शब्द तोडलेला नाही, एकही जास्तीचे टिंब नाही, आणि ही ६७ चिन्हे आहेत. खर्च एक तृतीयांशावर आला, एकाही सभासदाने फोन करून अर्थ विचारला नाही. ज्या गावात संतकवी दासोपंतांनी सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडाच्या पासोडीवर ‘पंचीकरण’ हे वेदान्तावरचे लेखन लिहून ठेवले, त्या गावच्या वाचनालयाला तीन चिन्हे शिल्लक ठेवून सभा बोलावता आली याचे मला थोडे कौतुक वाटले, हे कबूल करतो.

एवढ्यावर सेवेला पाचपैकी साडेतीन गुण देतो. ज्या संस्थेचे सभासद दोनशेच्या वर आहेत, त्यांच्यात बटणांचे फोन बरेच आहेत आणि सूचना एकतर्फी असतात, तिने ही सेवा जरूर घ्यावी. पण करार करताना ‘एक संदेश’ म्हणजे मराठीची ७० चिन्हे, असे लेखी घ्यावे, नोंदणीचे शुल्क वेगळे असते ते आधी विचारावे आणि मजकूर लिहिण्याचे काम चिन्हे मोजण्याचा कंटाळा नसलेल्या माणसाकडे द्यावे. ज्यांचे सगळे सभासद तरुण आहेत त्यांना व्हॉट्सॲपचा गट पुरेल. लहान संस्थांनी हिशेब करून पाहावा, त्यांना पोस्टकार्डच परवडेल.

यंदा आम्ही कराराचे नूतनीकरण केले. सभा, सुट्टी, वर्गणी, पुस्तक परत करण्याची आठवण आणि नवीन पुस्तकांची आवक असे पाच साचे मंजूर आहेत. सहाव्या साच्याचा प्रस्ताव बैठकीत आला होता, सभासदाच्या निधनाच्या सूचनेचा. व्हॉट्सॲपच्या गटात अशा बातमीखाली ‘भा. श्र.’ एवढेच लिहिण्याची पद्धत पडली आहे. पुरे ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिले तर २० चिन्हे होतात, नावाला आणि तारखेला जागा उरते, म्हणजे हिशेबात तो साचा बसत होता. तरी तो आम्ही केला नाही. ती सूचना अजून दारातल्या काळ्या फळ्यावर खडूने लिहिली जाते, आणि दूरच्या सभासदांना मी फोन करून कळवतो.